बाळंतीण सुखरूप: एका अनर्थाचा घटनाक्रम

पुढच्या नोंदींतली बाई कुणी एक नाही. शीहान सिंड्रोम नावाच्या दुखण्याच्या अनेक रुग्णांच्या कहाण्या एकमेकींवर ठेवल्या की जो चेहरा ठळक उरतो, तो हा. घड्याळातल्या वेळा आणि तिच्या तपासण्यांचे आकडे मी मांडले आहेत. त्या-त्या वेळी शरीरात काय चालतं, ते मात्र वैद्यकाने तपासून ठेवलेलं आहे. अनर्थ म्हणजे ती थंडगार, बेशुद्ध अवस्थेत उपजिल्हा रुग्णालयात पोचते तो क्षण. मोजणी तिथपर्यंतची.

अनर्थाला नऊ वर्षं. रात्री १२.५०

कळा चांगल्या आहेत, पाणी गेलंय, आरोग्य केंद्रातली सिस्टर "झालंच आता" म्हणतेय. वय २४, पहिलटकरीण.

तिच्या डोक्यात, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक छोटी खोबण आहे. तिथे पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. डॉक्टर मंडळी पिट्युटरी म्हणतात. एरवीचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वाटाण्यावर थायरॉइड, ॲड्रीनल, बीजकोश, वाढ आणि दूध अशा सगळ्यांचा कारभार चालतो. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि सगळी ग्रंथी निदान एक-तृतीयांशाने मोठी होते. हाडातली खोबण तेवढीच राहते.

या ग्रंथीचा रक्तपुरवठाही विचित्र आहे. ग्रंथीच्या पुढच्या भागाला धमनीतलं ताजं रक्त जवळजवळ मिळतच नाही. रक्त आधी वरच्या हायपोथॅलॅमसजवळच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यातून फिरतं, तिथले रासायनिक हुकूम उचलतं आणि मग बारीक शिरांमधून खाली ग्रंथीत उतरतं. संदेशवहनासाठी व्यवस्था उत्तम. पण खाली पोचेपर्यंत रक्ताचा दाब उतरलेला असतो. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ग्रंथीच्या मागच्या भागाला मात्र स्वतःची धमनी आहे, आणि म्हणून पुढे जे होणार आहे त्यातून तो भाग बहुतेक वेळा वाचतो.

आज रात्री हा वाटाणा कधी नव्हे इतका मोठा आहे आणि कधी नव्हे इतका भुकेला.

रात्री १.२०

मुलगा झाला. रडला. वजन २ किलो ९००. बाहेर नवऱ्याने फोन लावायला सुरुवात केली.

रात्री १.३५

वार पडली, पण पूर्ण नाही. एक तुकडा आत राहिलाय, हे आत्ता कुणाला कळलेलं नाही.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटते तेव्हा तिच्यामागच्या सगळ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना टाके घालणारं कुणी नसतं. गर्भाशयाचा स्नायूच आवळला जातो आणि त्या चिमटून बंद करतो. आत तुकडा असेल तर स्नायू नीट आवळत नाही. पोट मऊ लागतं. रक्त येत राहतं.

किती? डोळ्यांनी अंदाज करायचा तर तो नेहमी कमी भरतो. चादरीत, कापसात, टेबलाखालच्या बादलीत विभागलेलं रक्त एकत्र कुणी पाहत नाही. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणायचं, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. ५०० झाले कधी, हे मात्र कळत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियामधल्या रुग्णालयांतून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत बाळंतिणीखाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि रक्त ठरावीक रेघेला पोचताच सगळे उपचार एकदम सुरू केले. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. स्वस्तातल्या प्लास्टिकने एवढं काम केलं, हे वाचताना आनंद होतो आणि राग पण येतो.

रात्री १.५०

नाडी १२४. रक्तदाब ११०/७०. "बीपी चांगलंय," असं कुणीतरी म्हणतं, आणि ते खरंही आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं. तरुण बाईचं शरीर लिटर-दीड लिटर रक्त गमावूनही दाब टिकवून धरतं: हातापायांच्या, आतड्यांच्या, कातडीच्या वाहिन्या आकसून मेंदूकडे आणि हृदयाकडे रक्त वळवतं. नाडी वाढते, तळहात गार पडतात, पण यंत्रावरचा आकडा सभ्य राहतो. आणि मग एकाएकी कोसळतो.

रात्री २.१०

वरचा दाब ७०, खालचा लागत नाही. डोळे फिरतायत. १०८ ला फोन गेला. सलाईन दोन्ही हातांना.

पीयूषिकेकडे येणाऱ्या शिरांमधला प्रवाह जवळपास थांबलाय.

रात्री २.१५ ते ४.००

या पावणेदोन तासांतच काय ते घडतं. पुढची नऊ वर्षं नुसते त्याचे परिणाम.

प्राणवायू आणि साखर थांबली की पेशीतलं इंधन, एटीपी, काही मिनिटांत उतरू लागतं. त्या इंधनाचा मोठा भाग एका साध्या कामात जातो: आत घुसणारं सोडियम सतत बाहेर फेकणं. पंप मंदावले की सोडियम आत साचतं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी सुजते. इथवर सगळं उलटवता येतं. रक्त परत आलं तर पेशी सावरते.

मग कॅल्शियम आत शिरतं. एरवी पेशीच्या आत त्याला फार कडक बंदी असते, कारण त्याच्या इशाऱ्यावर प्रथिनं आणि आवरणं तोडणारी विकरं जागी होतात. मायटोकाँड्रियांची आवरणं गळू लागतात. इथे कुठेतरी परतीची वाट बंद होते. नेमकी कुठे, ते प्रत्येक पेशीचं वेगळं. शेवटी बाहेरचं आवरण फाटतं आणि आतला ऐवज, संप्रेरकांच्या भरलेल्या पुड्यांसकट, आजूबाजूला सांडतो. हा नेक्रोसिस. यात नियोजन नाही, आवराआवर नाही. नुसतं फुटणं.

सुजलेल्या पेशींमुळे आधीच मोठी झालेली ग्रंथी आणखी फुगते, आणि हाडाची खोबण तर सरकत नाही. त्या दाबाने उरलेल्या वाहिन्याही चेपल्या जातात. म्हणून नंतर दाब सुधारला तरी सगळीकडे रक्त पोचत नाही. या दुखण्याला ज्यांचं नाव आहे त्या शीहान यांचं म्हणणं असं होतं की मुळात ग्रंथीला येणाऱ्या वाहिन्या आकडी आल्यासारख्या आवळतात आणि तिथून हे सुरू होतं.

ग्रंथीच्या दोन्ही कुशींत वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींची दाटी असते. त्यांची गत सगळ्यात वाईट होते. ॲड्रीनलला हुकूम देणाऱ्या एसीटीएचच्या आणि थायरॉइडला हुकूम देणाऱ्या टीएसएचच्या पेशी बऱ्याचशा मधल्या पट्ट्यात असतात. त्या थोड्या उशिरा जातात. काही जणींत पुरेशा उरतातही. म्हणूनच एकाच रोगाच्या दोन बायका एकमेकींसारख्या दिसत नाहीत: एकीला फक्त दूध येत नाही, दुसरी आठवड्याभरात दगावते.

दुखतं का? क्वचित डोकं दुखतं. आपल्या बाईला आत्ता शुद्धच नाही.

पहाटे ४.१५

जिल्हा रुग्णालय. चिमट्याने वारेचा तुकडा निघाला, गर्भाशय दगडासारखं घट्ट झालं, रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. सहा वाजता दाब १००/६०. ड्यूटीवरच्या मुलीने, वय असेल सव्वीस, घाम पुसून केसपेपरवर लिहिलं: बाळंतीण व बाळ सुखरूप.

या ओळीत खोटं काही नाही. त्या रात्री त्या मुलीने एक जीव वाचवला आणि तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित वाचला नसता. फक्त सुखरूप या शब्दात कवटीच्या तळाचं काही मोजलेलं नसतं. मोजण्याची पद्धतच नाही.

तिसरा दिवस

वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. अट एकच, प्रोलॅक्टिन हवं. दिवस भरताना ते एरवीच्या दसपटीच्या आसपास असतं. हिचं तळाला गेलंय.

छाती मऊ आहे, दुखत नाही, ठणकत नाही. बाळ चोखतं आणि रडतं. माहेरी हळिवाची खीर सुरू होते, मग डिंकाचे लाडू, खसखस, शतावरी, बाळंतशेपा. आई म्हणते काळजीने आटलं असेल. सासू म्हणते आमच्याकडे असं कुणाचं झालं नाही. शेजारीण म्हणते दृष्ट. दहाव्या दिवशी दुधाच्या पावडरीचा डबा येतो.

मला विचाराल तर संपूर्ण घटनाक्रमातली सगळ्यात महत्त्वाची वेळ ही आहे. रोगाने या दिवशी स्वतःहून नाव सांगितलं. ज्या बाईचं भरपूर रक्त गेलं आणि जिला दूध आलंच नाही, तिची पीयूषिका तपासा, हे कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. पण बाळंतपण बघतो स्त्रीरोग विभाग, बाळ बघतो बालरोग विभाग, आणि दूध न येणं बघतं घर.

रोगाचं हे नाव कुठून आलं ते पाहायला इथे जरा हॅम्बुर्गमार्गे ग्लासगोला जाऊन यावं लागेल. १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी एका बाईचं वर्णन केलं, जी बाळंतरोगानंतर वर्षानुवर्षं खंगत जाऊन बेशुद्धीत मेली आणि जिची पीयूषिका शवविच्छेदनात सुकलेली निघाली. या दुखण्याला त्यांचं नाव पडलं आणि लोक समजले की रुग्ण हाडांचा सापळा होतो. १९३५ पासून ग्लासगोच्या रॉयल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड लीमिंग शीहान पॅथॉलॉजी बघत होते. बाळंतपणात किंवा त्यानंतर दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं ते करत. गरिबीचं शहर, मुडदुसाने आकसलेली कटिरं, अवघड बाळंतपणं; कामाला तोटा नव्हता. त्यांना दिसलं की जी बाई रक्त जाऊन कोसळली आणि मग काही तास किंवा दिवस जगली, तिच्या पीयूषिकेचा पुढचा भाग मेलेला असतो. १९३७ मध्ये त्यांनी हे छापलं. मग ते उलट्या बाजूने गेले: ज्या बायका अशा रक्तस्रावातून वाचल्या, त्या आज कशा आहेत? त्या सापडल्या आपापल्या घरी, थकलेल्या, पांढुरक्या, दूध न आलेल्या, पाळी गेलेल्या. आणि सापळा वगैरे नव्हत्याच. बऱ्याच जणी तर चांगल्या भरलेल्या अंगाच्या होत्या. सिमंड्सच्या सापळ्याच्या शोधात असलेल्या डॉक्टरांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

अनर्थाला साडेआठ वर्षं

पाळी आलेली नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईची उशिरा येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ही तर पाजतच नाही. बाळंतपणाआधी काढलेले केस परत उगवले नाहीत आणि काखेतलेही विरळ होत चाललेत. असली गोष्ट बाई डॉक्टरला सांगत नाही, आणि डॉक्टर विचारत नाही.

अनर्थाला आठ वर्षं

आता मरणाची दुसरी तऱ्हा.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींना त्या रात्री काही इजा झालेली नव्हती. पण त्यांच्या सालीतल्या पेशींना जगण्यासाठी एसीटीएचचा सततचा पुकारा लागतो. तो थांबला. अशा वेळी पेशी फुटत नाही. ती आकसते, आपला गाभा कापून तुकडे करते, त्यांना नीट पुड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी त्या गुपचूप गिळून टाकतात. सूज नाही, व्रण नाही. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टर करी या तिघांनी ॲबर्डीन विद्यापीठातून या आखीव मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी वायली-केर मंडळींनी दाखवलेलं उदाहरण नेमकं हेच होतं: एसीटीएच काढून घेतलेल्या उंदरांच्या ॲड्रीनलमध्ये पेशी अशा एकेक करून निघून जातात. कर्करोगाच्या पुस्तकांत ॲपॉप्टोसिसचं कौतुक चालतं, पण त्याचं बस्तान बसवण्यात एका उपाशी ठेवलेल्या संप्रेरक ग्रंथीचा हात होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे या बाईत वरची ग्रंथी दोन तासांत फुटून मेली आणि खालची वर्षभरात शिस्तीने झिजली. ॲड्रीनलच्या सालीचा बाहेरचा थर वाचला, कारण क्षार सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉनचा हुकूम मूत्रपिंडाकडून येतो, पीयूषिकेकडून नाही.

ग्रंथी मरायच्या आणखीही वाटा आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराच्याच टी-पेशी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना वेचून मारतात. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या थॉमस ॲडिसन यांनी ज्या रुग्णांचं वर्णन केलं त्यांच्यातल्या कित्येकांची ॲड्रीनल क्षयाने कुरतडलेली होती, आणि आपल्याकडे क्षय हे आजही ॲड्रीनल निकामी होण्याचं एक कारण आहे. आणि घोणस. भातखाचरात घोणस चावलेल्या काही रुग्णांत विषामुळे रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, रक्तस्राव होतो, आणि पीयूषिका जाते. १९८७ मध्ये ब्रह्मदेशातल्या रुग्णांवर लॅन्सेटमध्ये लेख आला; त्याच्या शीर्षकातच शीहान सिंड्रोमशी असलेलं साम्य सांगितलेलं होतं. दक्षिण भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. साप उतरला, मूत्रपिंडं सावरली, माणूस घरी आला. पण दाढी करायची गरज पडेनाशी झाली. अशा पुरुषाची गोष्ट आपली बाई ऐकेल तर तिला ती ओळखीची वाटेल.

अनर्थाला सात वर्षं ते एक वर्ष

या काळात सांगण्यासारखं काही घडत नाही, तीच यातली वाईट गोष्ट आहे.

ती दुपारी झोपते. वैशाखात गोधडी घेते. आवाज जाड आणि सावकाश झालाय. तिशीत डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यांची जाळी पडली आहे, चेहरा मेणासारखा. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास अडलंय. आशाताई लोहाच्या गोळ्या आणून देतात, ती प्रामाणिकपणे घेते, आणि आकडा हलत नाही. हलणार नाही, कारण कमतरता लोहाची नसून ॲड्रीनल बनवतात त्या कॉर्टिसॉलची आणि थायरॉइडच्या संप्रेरकाची आहे; ती संप्रेरकं मिळाली तर रक्त पुष्कळदा आपोआप भरून येतं. दुसरं मूल झालं नाही म्हणून दोन ठिकाणी नवस बोलून झाले. स्वतः ती म्हणते, पाळी गेली ते बरंच झालं, कटकट गेली.

ही एवढी दुर्मीळ गोष्ट आहे का? युरोपात आज दुर्मीळ आहे. काश्मीर खोऱ्यात डॉ. अब्दुल हमीद झरगर आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली: मूल झालेल्या, वीस वर्षांवरच्या बायकांमध्ये प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास, आणि रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरी बाळंत झालेल्या. तीन टक्के म्हणजे शंभरात तिघी. महाराष्ट्रात आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे नव्या रुग्णांचं प्रमाण इतकं नसावं असं मानायला जागा आहे. पण ज्या तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरी बाळंत झाल्या त्या आज पन्नाशीत-साठीत आहेत, आणि "आजीला कायम थंडीच वाजते" एवढंच घरच्यांना माहीत आहे.

अनर्थाला १६ दिवस

तालुक्याला थायरॉइडची तपासणी झाली, कारण चेहऱ्यावर सूज होती. टीएसएच साधारण निघालं. इथेच बहुतेक वेळा गाडी थांबते. थायरॉइड मंद झाली की पीयूषिका टीएसएच वाढवून तिला ढोसते. म्हणून एकट्या टीएसएचवर लाखो निदानं होतात. पण ढोसणारीच मेली असेल तर आकडा वाढणार कुठून? या डॉक्टरांनी एक पायरी पुढे जाऊन थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-४, मोजलं. फार कमी होतं. निदान बरोबर: थायरॉइड कमी आहे. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, रोज सकाळी उपाशीपोटी.

कॉर्टिसॉल कुणी मोजलं नाही.

थायरॉक्सिन शरीराचा सगळा वेग वाढवतं. हृदयाची मागणी वाढते, आणि यकृत कॉर्टिसॉलची विल्हेवाटही जास्त वेगाने लावू लागतं. ज्याच्याकडे कॉर्टिसॉल मुबलक आहे त्याला फरक पडत नाही. हिची गाडी इतकी वर्षं मंद चालली म्हणून तळाशी उरलेल्या थेंबांवर चालली. पहिले आठ दिवस तिला हुशारी वाटली. नंतर चक्कर येऊ लागली.

७२ तास

गावात लग्न. रात्री जुलाब, पहाटे उलट्या. पंगतीतल्या दहा-बारा जणांना झाल्या.

निरोगी माणसाच्या ॲड्रीनल दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतात आणि अशा दुखण्यात ते कित्येक पटींनी वाढवतात. त्या बाकीच्या दहा-बारा जणांना आपल्या अंगात असं काही घडलं याचा पत्ताही नाही. दुसऱ्या दिवशी ते शेतावर गेले.

४० तास

गावातल्या डॉक्टरांनी एक सलाईन लावून घरी पाठवलं. पोटात काही ठरत नाही म्हणून ती साधं पाणी घोट-घोट पितेय. कॉर्टिसॉल नसलं की शरीर पाणी बाहेर टाकत नाही, साठवून धरतं. जुलाबातून मीठ गेलं, वरून साधं पाणी आलं. रक्तातलं सोडियम पातळ होत चाललंय.

१२ तास

असंबद्ध बोलतेय. नवऱ्याला दादा म्हणाली. घरात कुणीतरी "बाहेरचं असेल" असं पुटपुटलं, आणि त्यात चार तास गेले. उपास घडून दोन दिवस झालेत. उपाशी शरीरात रक्तातली साखर धरून ठेवायचं काम कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक करतात. हिच्याकडे दोन्ही नाहीत.

३ तास

झटका आला. जीप.

शून्य

उपजिल्हा रुग्णालय, पहाटे ५.१०. वरचा दाब ६०. अंग गार. साखर ३४. सलाईन धावतंय, २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं, साखर चढली, ती थोडी हलली, पण दाब जागचा हलत नाही. जुलाबाने कोरडं पडलेलं शरीर दोन लिटर सलाईनवर सहसा उत्तर देतं. अर्ध्या तासाने रक्ताचा अहवाल: सोडियम १११, पोटॅशियम ४.२.

तिथल्या मेडिकल ऑफिसरला पोटॅशियम खटकलं. ॲड्रीनल स्वतः मेली असती तर पोटॅशियम चढलं असतं, आणि ॲडिसनच्या रोगात तळहाताच्या रेघा, हिरड्या काळवंडतात. ही तर पांढरीफटक. त्यांनी काख पाहिली. मग दारात उभ्या सासूकडे वळले.

"आजी, हिला मूल किती?"

"एकच. नऊ वर्षांचा आहे."

"त्या वेळी रक्त फार गेलं होतं?"

"मेलीच होती म्हणा ना. तीन बाटल्या रक्त चढवलं."

"आणि दूध?"

"थेंब नाही आला."

तपासणीसाठी रक्त बाजूला काढलं आणि निकालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. हे औषध जवळपास प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या कपाटात असतं. दम्याच्या रुग्णांना रोज टोचलं जातं. दोन तासांत दाब ९० वर गेला. सकाळी तिने पाणी मागितलं.

नंतरचे २४ तास

आता उलटा धोका. कॉर्टिसॉल मिळताच अडवून धरलेलं पाणी मोकळं होतं, लघवी धो-धो होते आणि सोडियम झपाट्याने चढू लागतं. ते दिवसभरात आठ-दहा अंकांहून जास्त चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंची आवरणं सोलली जाऊन कायमचं अपंगत्व येऊ शकतं. म्हणून दर चार-सहा तासांनी रक्त तपासत, सलाईन कमी-जास्त करत दिवस काढला. थायरॉक्सिन थांबवलं होतं, ते काही दिवसांनी, स्टेरॉइड आधी बसल्यावर, पुन्हा सुरू झालं. क्रम हाच. उलटा क्रम तिने सोळा दिवस भोगला होता.

बाजूला काढलेल्या रक्तात कॉर्टिसॉल १ च्या खाली निघालं. एवढ्या दुखण्यात ते २० च्या पुढे असायला हवं होतं. जिल्ह्याला एमआरआय झाला. खोबण होती तशीच होती. आत जवळपास सगळं पाणी, तळाशी चिकटलेला एक पातळ पापुद्रा. मागच्या भागाचा पांढरा ठिपका जागेवर.

घरी, तिसरा आठवडा

प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम सकाळी, थायरॉक्सिन, कॅल्शियम. पाळीच्या संप्रेरकांचं पुढच्या फेरीत ठरेल. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय की ताप, जुलाब, उलट्या झाल्या तर प्रेडनिसोलोनची गोळी दुप्पट करायची, पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी ताबडतोब यायचं, आणि ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. हिमोग्लोबिन साडेनऊ. काल ती मुलाच्या शाळेत पालकसभेला चालत गेली.

गोळ्या संपत आल्या म्हणून नवरा औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने पट्टी उलटून नाव वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आपुलकीने म्हणाला, "दादा, स्टेरॉइड आहे हे. वहिनींना बरं वाटतंय ना आता? मग बंद करा, असल्या गोळ्या फार दिवस घेऊ नयेत."